परदेशात एक सेमिस्टर करायचंय? आधी स्वतःच्या डिपार्टमेंटमध्ये विचारा

या वेळी एक्स्चेंज प्रोग्रामबद्दलचे प्रश्न इतके आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मी सेकंड इयरला आहे आणि मला एक सेमिस्टर बाहेरच्या युनिव्हर्सिटीत करायचंय. जी युनिव्हर्सिटी आवडली तिच्या साइटवर फॉर्म शोधला तर तिथे लिहिलंय की फॉर्म फक्त नॉमिनेट झालेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. म्हणजे मी अप्लाय करूच शकत नाही का?

करू शकतोस रे, पण सुरुवात तिकडून होत नाही, तुझ्याच युनिव्हर्सिटीतून होते. एक्स्चेंज म्हणजे दोन युनिव्हर्सिट्यांमधला करार असतो, तुमची मुलं आमच्याकडे येतील, आमची तुमच्याकडे, आणि दर वर्षी इतक्या जागा. बऱ्याच करारांत या जागा अगदी दोन-चारच असतात. तू फी नेहमीसारखी आपल्याच युनिव्हर्सिटीत भरतोस, तिकडची ट्यूशन फी माफ होते, आणि डिग्रीही आपल्याच युनिव्हर्सिटीची मिळते. म्हणून तिकडचे लोक कुणाचाही फॉर्म थेट घेत नाहीत, तुझ्या युनिव्हर्सिटीने तुझं नाव कळवायला लागतं, त्यालाच नॉमिनेशन म्हणतात. नॉमिनेशन पोचलं की तिकडून तुला मेल येतो, लिंक येते, मग तू तो फॉर्म भरायचा, मग अॅक्सेप्टन्स लेटर, आणि ते हातात आल्यावर व्हिसा.

तर उद्या काय करायचं, तर तुमच्याकडे इंटरनॅशनल ऑफिस असेल तिथे जा. काही ठिकाणी वेगळं ऑफिस नसतं, एखाद्या प्रोफेसरांकडे हे काम असतं, ते कोण हे डिपार्टमेंटच्या ऑफिसात कळेल. तिथे गेल्यावर "मला फॉरेनला जायचंय" एवढंच बोलू नकोस. करार कोणाकोणाशी आहेत, त्यातले तुझ्या विषयासाठी चालणारे कुठले (काही करार फक्त एकाच डिपार्टमेंटपुरते असतात), जागा किती, शेवटची तारीख कधी, निवड कशावर होते, आणि गेल्या वर्षी खरंच कोणी गेलं होतं का हे विचार. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण कागदावर करार खूप असतात आणि त्यातल्या काहींवर वर्षानुवर्षं कोणी गेलेलं नसतं. जे गेले होते त्यांचा नंबर मिळव. पूर्ण साइट वाचून जे कळत नाही ते त्यांच्याशी अर्धा तास बोलून कळतं.

आणि वेळ. साधारण एक वर्ष आधी हालचाल सुरू करायची. ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या सेमिस्टरचं नॉमिनेशन बहुतेक ठिकाणी त्याच वर्षी मार्च ते मेच्या आसपास जातं, जानेवारीत सुरू होणाऱ्याचं सप्टेंबर-ऑक्टोबरला, आणि आपल्या युनिव्हर्सिटीतली निवड त्याच्याही दोन-तीन महिने आधी उरकलेली असते. शिवाय प्रत्येक देशाचं कॅलेंडर वेगळं, जर्मनीत विंटर सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं आणि समर सेमिस्टर एप्रिलला, जपानमध्ये वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि दुसरं सेमिस्टर सप्टेंबर-ऑक्टोबरला, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्च आणि जुलै. तुझी इथली परीक्षा चालू असताना तिकडचे क्लास सुरू झाले तर काय करणार, हे नॉमिनेशनच्या आधी बघायचं.

प्रश्न: माझी निवड झालीये!! पण आमचे एचओडी म्हणतात की तिकडचे क्रेडिट इथे धरता येतील की नाही ते परत आल्यावर बघू. मित्रमैत्रिणी म्हणतात वर्ष जाईल. मी जाऊ की नको?

आधी अभिनंदन. आणि आता नीट ऐक, "परत आल्यावर बघू" यावर अजिबात जाऊ नकोस. जा, नक्की जा, पण क्रेडिटचं लेखी घेऊन जा. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते, कारण व्हिसा, तिकीट, राहायची सोय यात सगळे इतके गुंततात की हे मागे पडतं आणि नंतर एका सेमिस्टरचे सगळे विषय पुन्हा द्यायची वेळ येते.

हे कसं चालतं ते सांगते. युरोपात ईसीटीएस नावाची क्रेडिटची पद्धत आहे, पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरचे ३०, आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, त्यात लेक्चर, घरचा अभ्यास, परीक्षा सगळं आलं. ब्रिटनमध्ये वर्षाचे १२० क्रेडिट असतात, म्हणजे तिकडचे दोन म्हणजे ईसीटीएसचा एक. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण १५ क्रेडिट घेतात आणि फुल-टाइम धरायला सहसा किमान १२ लागतात. म्हणजे नुसता आकडा बघून "तिकडे सहा क्रेडिटचा विषय आहे, आपला चारचा आहे, मस्त" असं होत नाही, कामाचे तास बघायला लागतात.

मग करायचं काय, तर आपल्या त्या सेमिस्टरचे विषय एका बाजूला लिहायचे आणि तिकडच्या कोर्स कॅटलॉगमधले जवळचे विषय दुसऱ्या बाजूला. नावावर जाऊ नकोस, आतला सिलॅबस डाउनलोड करून दोन्ही समोरासमोर ठेव. कॅटलॉगमध्ये विषय कुठल्या सेमिस्टरला शिकवतात, कुठल्या भाषेत शिकवतात आणि एक्स्चेंजवाल्यांना घेता येतो का हे तिन्ही बघ, कारण विषय लिस्टमध्ये दिसतो पण तो फक्त स्प्रिंगला असतो किंवा फक्त मास्टर्ससाठी असतो असं फार होतं. हे टेबल आणि सिलॅबसची प्रिंट घेऊन एचओडींकडे जा. रिकाम्या हाताने गेलं की त्यांनाही काय उत्तर द्यावं कळत नाही, म्हणून ते "नंतर बघू" म्हणतात, त्यांचं चुकतं असंही नाही. समोर टेबल असलं की ते प्रत्येक ओळीला हो किंवा नाही म्हणू शकतात.

जे ठरेल ते लर्निंग अॅग्रीमेंटमध्ये येतं. त्यावर तीन सह्या असतात, तुझी, आपल्या युनिव्हर्सिटीची, तिकडच्या युनिव्हर्सिटीची. इरॅस्मस प्लसमध्ये (युरोपियन युनियनची एक्स्चेंज योजना) हा कागद सक्तीचा आहे, बाकीच्या करारांत नावं वेगळी असतील किंवा असा ठरावीक फॉर्मच नसेल, तेव्हा साधं पत्र लिहून त्यावर एचओडी आणि परीक्षा विभाग दोघांची सही-शिक्का घे. परीक्षा विभाग विसरू नकोस, मार्कशीटवर नोंद तिथूनच होते. मार्क कसे बदलून धरणार तेही आधीच विचार, काही ठिकाणी ग्रेड कन्व्हर्ट करतात, काही ठिकाणी नुसतं पास एवढंच लिहितात आणि तो विषय सीजीपीएत धरतच नाहीत. तुला पुढे मास्टर्सला अप्लाय करायचं असेल तर यातलं काय होणार हे माहीत असलेलं बरं.

तिकडे गेल्यावर एक-दोन विषय बदलणारच, टाइमटेबल आदळतं, एखादा कोर्स रद्द होतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही पण पहिल्या काही आठवड्यांतच मेल करून नवीन विषयाची मंजुरी इकडून घ्यायची, तोंडी नाही. दोन-तीन विषय जास्तीचे मंजूर करून घेऊन गेलीस तर ही धावपळ वाचते. आणि परत यायच्या आधी ट्रान्सक्रिप्ट कुठून, कधी, कोणाच्या पत्त्यावर येणार ते विचारून ठेव. इरॅस्मसच्या नियमात निकालानंतर पाच आठवड्यांत ट्रान्सक्रिप्ट द्यायचं असतं, बाकी ठिकाणी याहून उशीरही होतो, तेवढ्यात इकडचा पुढच्या सेमिस्टरचा फॉर्म अडकू शकतो.

आणि समजा एखादा विषय कुठेच जुळला नाही तर तो परत आल्यावर जास्तीचा देता येईल का, हेही त्याच बैठकीत बोलून घे. एक विषय मागे राहिला म्हणून वर्ष जात नाही ग.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी थर्ड इयरला आहे, एक्स्चेंजसाठी तिला जायचं आहे. एका एजंटने सगळं करून देतो म्हणून मोठी रक्कम मागितली आहे. ट्यूशन फी माफ असते असं मुलगी म्हणते, मग पैसे कसले? आणि एकूण खर्चाचा अंदाज कसा घ्यायचा?

तुमची मुलगी बरोबर सांगतेय. युनिव्हर्सिटीच्या करारातून जाणार असेल तर एजंटचं त्यात कामच नाही, नॉमिनेशन फक्त तिची युनिव्हर्सिटी करू शकते, ते पैसे देऊन मिळत नाही. एजंट जर सांगत असेल की मी थेट सीट मिळवून देतो, तर ती बहुतेक पूर्ण फी भरून जायची सीट असते, एक्स्चेंज नसतं. कृपया एक पैसाही देण्याआधी तिच्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला स्वतः फोन करा.

खर्चाचं म्हणाल तर ट्यूशन सोडून बाकी सगळं आपलं असतं: राहणं, जेवण, विमान, व्हिसाची फी, इन्शुरन्स, तिथला लोकल प्रवास, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत एक छोटी स्टुडंट फी. यात राहण्याचा खर्च सगळ्यात मोठा, त्यामुळे हॉस्टेलचा फॉर्म ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी भरायला सांगा, हॉस्टेलची खोली हुकली की बाहेरचं भाडं पूर्ण बजेट बदलून टाकतं. एक्स्चेंजवाल्यांना खोली मिळेलच असं सगळीकडे नसतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात उशिरा येते, खर्च करायचे पैसे आणि व्हिसासाठी दाखवायचे पैसे हे दोन वेगळे हिशोब आहेत. जर्मनीत विद्यार्थ्याला ब्लॉक्ड अकाउंट दाखवायला लागतं, २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो धरतात. हे पैसे तिचेच असतात, दर महिन्याला ठरलेला हप्ता काढता येतो, पण सुरुवातीला एकदम जमा करायला लागतात. स्कॉलरशिप असेल तर तिचं पत्र पुराव्याला चालतं. ही रक्कम मधूनमधून बदलते, त्यामुळे अर्ज करताना एम्बसीच्या साइटवरचाच आकडा धरा.

तिकडे पार्ट-टाइम काम करून खर्च काढीन असं मुलगी म्हणत असेल तर प्लीज त्यावर बजेट बांधू नका. जपानमध्ये वेगळी परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम चालतं, अमेरिकेत जे-१ व्हिसावर (एक्स्चेंजवाल्यांना मिळतो तो) परवानगी असेल तरच आणि सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासाला व्हिजिटर म्हणून गेली तर कामच करता येत नाही. आणि चार-पाच महिन्यांच्या मुक्कामात काम शोधण्यातच दीड महिना जातो, अभ्यास कधी करणार.

इन्शुरन्स मात्र अजिबात स्वस्तातला घेऊ नका. अमेरिकेच्या जे-१ व्हिसाला प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी किमान १ लाख डॉलरचं कव्हर नियमानेच लागतं. बाकी देशांतही युनिव्हर्सिटी कुठली पॉलिसी मान्य करते ते आधी विचारा, नाहीतर दोनदा विमा काढायला लागतो.

प्रश्न: स्कॉलरशिप मिळते का हो एक्स्चेंजला? का ती फक्त पूर्ण डिग्रीला?

मिळते. सगळ्यात मोठं नाव इरॅस्मस, १९८७ ला ११ देशांत सुरू झालं आणि पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले होते. आता इरॅस्मस प्लसमध्ये युरोपबाहेरच्या युनिव्हर्सिट्यांमधूनही विद्यार्थी जाऊ शकतात, पण त्यासाठी तुझ्या युनिव्हर्सिटीचा तिकडच्या युनिव्हर्सिटीबरोबर त्या योजनेत प्रोजेक्ट मंजूर झालेला असायला लागतो. असेल तर महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो देशाप्रमाणे, वर प्रवासाचे अंतराप्रमाणे पैसे, आणि मुदत दोन ते बारा महिने. इरॅस्मस मुंडस वेगळं, ती पूर्ण मास्टर्स डिग्री असते, नावामुळे लोक गोंधळतात. जपानला जाणाऱ्यांसाठी जासोची (जपान सरकारची विद्यार्थ्यांसाठीची संस्था) स्कॉलरशिप असते, ती तिकडची युनिव्हर्सिटी स्वतः सुचवते, म्हणून फॉर्ममध्ये तसा रकाना दिसला तर रिकामा सोडू नकोस. बाकी आपल्याच युनिव्हर्सिटीची ट्रॅव्हल ग्रँट असते का ते अकाउंट्समध्ये विचार, ती अनेकदा कोणी मागतच नाही म्हणून पडून असते.

प्रश्न: आमच्या युनिव्हर्सिटीचा बाहेर कुणाशीच करार नाही. मग विषय संपला?

संपला नाही, पण वाट बदलते, आणि यातली कुठली निवडायची ते तुझ्या खिशावर आणि विषयावर आहे.

व्हिजिटिंग स्टुडंट म्हणून, युरोपात फ्री मूव्हर म्हणतात, स्वतः अर्ज करून एक सेमिस्टर जाता येतं, फक्त फी तिकडची भरायची, ती देशादेशात प्रचंड वेगवेगळी आहे, जर्मनीतल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्यूशन नसते किंवा नावापुरती, अमेरिकेत ती झेपण्यासारखी नसते. तुमची युनिव्हर्सिटी एखाद्या नेटवर्कची मेंबर आहे का तेही शोध, आशिया-पॅसिफिकमध्ये १९९१ पासून यूमॅप आहे आणि जगभरातल्या युनिव्हर्सिट्यांचं आयसेप १९७९ पासून आहे, मेंबर असेल तर वेगळा करार लागत नाही.

सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना मी तर आधी रिसर्च इंटर्नशिप बघायला सांगेन. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक १२ आठवड्यांची असते, ठरावीक देशांतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी, तिकडच्या प्रोफेसरांच्या प्रोजेक्टवर काम, पैसेही मिळतात. जर्मनीच्या डाडच्या (परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी तिकडची संस्था) योजना देशाप्रमाणे वेगवेगळ्या आहेत, त्यांच्या स्कॉलरशिप डेटाबेसमध्ये आपला देश आणि विषय टाकून बघायचं. सेमिस्टरचे क्रेडिट यात मिळतीलच असं नाही पण सुट्टीत होतं त्यामुळे इकडचं काही बुडत नाही, आणि प्रोफेसरांचं एक चांगलं रेकमेंडेशन लेटर मिळतं ते पुढे फार उपयोगी पडतं.

आणि अजून एक, तुमच्या डिपार्टमेंटमधल्या एखाद्या प्रोफेसरांचं बाहेरच्या कुणाबरोबर रिसर्चचं काम चालू असेल तर त्यांना जाऊन विचार की यातून विद्यार्थ्यांचा करार होऊ शकेल का. बरेच करार असेच दोन माणसांच्या ओळखीतून सुरू होतात. तुझ्या वेळेपर्यंत होईलच असं नाही, तुझ्या ज्युनिअर्सना तरी मिळेल.

प्रश्न: दोनदा मोटिव्हेशन लेटर लिहिलं, दोनदा सिलेक्शन नाही. माझं ८.१ सीजीपीए आहे, माझ्यापेक्षा कमी वाले गेले. काय लिहायचं असतं त्यात?

तू पाठवलेलं लेटर वाचलं. भाषा छान आहे, पण त्यातलं देशाचं नाव बदललं तर ते जसंच्या तसं दुसऱ्या कुठल्याही देशाला पाठवता येईल, "नवी संस्कृती अनुभवायची आहे", "जागतिक दृष्टिकोन मिळेल", हे कमिटीने त्याच दुपारी अजून पन्नास जणांच्या लेटरमध्ये वाचलेलं असतं. तू चौथ्या परिच्छेदात एका ओळीत म्हणालायस की तुझा प्रोजेक्ट पूर आलेल्या भागांच्या सॅटेलाइट इमेजवर आहे. अरे तेच पहिल्या ओळीत यायला हवं! मग तिकडे कुठला कोर्स आहे जो आपल्याकडे नाही, तो तुझ्या प्रोजेक्टला कुठे लागणार, तो घ्यायला आधी लागणारं गणित तुझं झालंय का, आणि परत आल्यावर फायनल इयरला त्याचं काय करणार. एवढंच, एका पानात. मार्क त्यांना मार्कशीटवर दिसतातच, ते लेटरमध्ये परत लिहून जागा घालवू नकोस.

पहिली पसंती म्हणून सगळ्यात नावाजलेली युनिव्हर्सिटी टाकली असशील तर तेही तपास. जिथे दोन जागा आणि चाळीस अर्ज असतात तिथे ८.१ कमी पडू शकतो, आणि त्याच यादीत खाली एखादी लहान शहरातली युनिव्हर्सिटी असते जिथे तुझ्या विषयाचे जास्त कोर्स इंग्रजीत आहेत, खर्च कमी, आणि अर्ज तीन. मी तर तीच वर टाकायला सांगेन.

प्रश्न: आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते का? आणि एक बॅकलॉग आहे, चालेल?

आयईएलटीएस सगळीकडे नाही लागत, एक्स्चेंजला बऱ्याच युनिव्हर्सिट्या आपल्या कॉलेजचं "शिक्षण इंग्रजीतून झालंय" असं पत्र किंवा इंग्रजीच्या बी-२ लेव्हलचा (वरच्या मध्यम पातळीचा) दाखला चालवून घेतात. पण व्हिसाचा नियम वेगळा असू शकतो म्हणून दोन्ही बघ. दिलीस तर स्कोअर दोन वर्षं चालतो. बॅकलॉगचं उत्तर तुमच्या युनिव्हर्सिटीच्या नियमात असतं, बहुतेक ठिकाणी जायच्या आधी क्लिअर झालेला मागतात, तो या परीक्षेत सोडव आणि अर्ज पुढच्या फेरीला कर.

प्रश्न: नॉमिनेशन झालं, अॅक्सेप्टन्स लेटर अजून नाही, तिकिटं रोज महाग होतायत. काढून टाकू का?

नको, थांब. तिकीट व्हिसा हातात आल्यावर, किंवा फारच घाई असेल तर रद्द करता येणारं. नॉमिनेशन म्हणजे प्रवेश नाही, आणि लेटर आल्यावरही पुढचे कागद असतात, अमेरिकेला तिकडून डीएस-२०१९ नावाचा फॉर्म यायला लागतो, मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी तिकडची सरकारी यंत्रणा) फी, मग इंटरव्ह्यू. जपानला आधी सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी येतं, त्याला एक ते तीन महिने लागू शकतात, त्यानंतर व्हिसा. युरोपात शेंगेन देशांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर टुरिस्टचा व्हिसा चालत नाही, लाँग-स्टे व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिट लागतं आणि त्याच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात, त्यामुळे लेटरची वाट बघताना अपॉइंटमेंटच्या तारखा बघत राहा. नॉमिनेशन होऊन तीन आठवड्यांच्या वर झाले आणि लेटर आलं नसेल तर तिकडच्या कोऑर्डिनेटरला एक सरळ मेल टाक, सब्जेक्टमध्ये नाव, युनिव्हर्सिटी आणि कुठल्या सेमिस्टरसाठी ते लिही, आणि आपल्या इंटरनॅशनल ऑफिसला सीसीत ठेव. पासपोर्टची मुदत परत यायच्या तारखेनंतर निदान सहा महिने आहे ना, ते आत्ताच उठून बघ.